सिफिसकाकांच्या पेट्या कुणी पळवल्या?

"चोर बेस्निकच!" मानूसोस ओरडला. "गेल्या वर्षी डॉक्टरांची मोटारसायकल नाही का पळवली त्याने?"

"एक चक्कर मारून परत आणून लावली होती रे," अर्गिरो म्हणाली.

"तेच ते! पोलिसांच्या वहीत नाव आहे त्याचं!"

ईस्टरची सुट्टी, आणि गावभर एकच बोंब: सिफिसकाकांच्या मधमाश्यांच्या चार रिकाम्या पेट्या गायब! हवालदार वारदाकिसनी सकाळीच बेस्निकला चौकीत आणून बसवलं होतं. बेस्निकचा बाप अल्बानियाहून आलेला गवंडी. आणखी एक तक्रार झाली की पोराला मुलांच्या कोर्टात उभं राहावं लागणार होतं, आणि दुपारी तक्रारीचा कागद शहरात जाणार होता.

"पुरावा शोधू!" मानूसोसने फर्मान सोडलं. मागे त्याची धाकटी बहीण ख्रिसा होतीच. बेस्निकच्या घरामागे सापडलं काय? एक चिडकी कोंबडी! मग तिघं काकांच्या शेतात गेली. तिथे हातगाडीच्या चाकांचे ठसे होते.

"एक चाक वाकडं चालतंय!" अर्गिरो म्हणाली. माग काढत ती निघाली, आणि माग थेट चर्चमागच्या ढिगापाशी येऊन थांबला.

शनिवारी येशूला दगा देणाऱ्या यहूदाचा पुतळा जाळायचा तो हाच लाकडांचा ढीग. त्यासाठी गावातली पोरं कुणाच्याही अंगणातलं लाकूड न विचारता उचलतात. मोठी माणसं पाहूनही न पाहिल्यासारखं करतात. आजोबांच्या आजोबांपासून हे असंच चाललंय.

"दादा, ही चार निळी खोकी आपण तिघांनीच आणली ना बुधवारी?" ख्रिसाने बोट दाखवलं. "तू म्हणालास, मोडकी आहेत."

मानूसोसचं तोंड खर्रकन उतरलं. वाकडं चाक त्यांच्याच हातगाडीचं होतं! अर्गिरोचे कान तापले. सकाळपासून आपण कुणाच्या घरामागे वाकून बघत होतो!

"गप्प बसलो तर?" मानूसोस पुटपुटला.

"आणि तो कोर्टात जाऊ दे? लाज नाही वाटत?"

"वाटते गं. म्हणूनच तर!"

तरी गेला तो, दोघींना घेऊन. चौकीत सगळं ऐकून हवालदारसाहेब खदखदून हसले. "यहूदाची लाकडं होय! अरे, ही कसली चोरी? आम्हीही केलंय हे!"

"शाबास! स्वतःहून सांगितलंत," तिथेच बसलेल्या सिफिसकाकांनी पाठ थोपटली. "चांगल्या घरची पोरं!"

अर्गिरोला वाटलं, हा हात झटकून टाकावा.

कोपऱ्यातून बेस्निक म्हणाला, "मी मोटारसायकल परत नेऊन ठेवली, तर वहीत नाव. यांनी तर पेट्या परतही नेल्या नव्हत्या."

"बरं बरं, जा तू घरी," हवालदारसाहेबांनी कागद फाडला.

बाहेर अर्गिरोने त्याला गाठलं. "बेस्निक, चुकलं आमचं."

"मला कशाला सांगतेस? मला माहीतच होतं." त्याने समोरच्या कॉफीच्या दुकानाकडे हात केला. "त्यांना सांग."

तिथे अर्धा गाव बसला होता! अर्गिरो दारात जाऊन उभी राहिली. मानूसोस मान खाली घालून शेजारी येऊन उभा राहिला.

"पेट्या आम्ही नेल्या!" ती ओरडली. "बेस्निकने नाही! आणि सकाळपासून आम्हीच त्याला चोर म्हणत होतो!"

"लाकडंच ना ती!" कुणीतरी हसलं.

मागून सिफिसकाका आले होते. ते हसले नाहीत. त्यांनी टोपी काढली.

"मी काहीच बघितलं नव्हतं," ते सगळ्यांदेखत बेस्निकला म्हणाले. "तरी नाव तुझंच सांगितलं."