यादीतलं शेवटचं नाव

माझ्या आईचा व्हिडिओ पाहून तो हसला, म्हणून मी त्याच्याशी भांडले. आमची पहिली भेट ही अशी. आर्वीच्या एसटी डेपोसमोरचं नेटकॅफे, साल दोन हजार नऊ, आणि बाहेर असं ऊन की रस्त्यावर चिटपाखरू नाही.

मी गेले होते साध्या कामाला. माझ्या आईचा, अनुसयाबाईंचा, शिवणक्लास गावात वीस वर्षांपासून आहे. तिची एक विद्यार्थिनी, आंजीची काजल, लग्न होऊन सुरतेला गेली आणि ब्लाउजची बाही बसवायचं साफ विसरली. फोनवर सांगून कळेना. शेवटी मी मोबाईलवर आईचा धडाच शूट केला आणि इंटरनेटवर टाकायला आणला. कॅफेवाला मुलगा माझ्या खांद्यावरून पाहत होता.

"काऊन हासून राह्यले?" मी मागे वळून विचारलं.

"तीन मिनिटं झाले, मॅडम... अजून कात्री नाई निघाली."

खरंच होतं ते. आईची पद्धतच तशी. क्लासचा कुठलाही कार्यक्रम असो, आधी जयभीम, मग शिकून गेलेल्या सगळ्या मुलींची नावं, गावासकट. आंजीची काजल, हिंगणघाटची आचल... अशी छत्तीस. मुलगी लग्न होऊन कुठेही जावो, आईच्या यादीत तिचं गाव माहेरचंच राहतं.

"तिच्या पोरी आहेत त्या," मी म्हटलं. "हासायचं काम नाई."

त्याने हसू आवरलं. मग म्हणाला, "नावं घ्या ना. पन शेवटी घ्या. पाहणारा बाहीसाठी येते, यादीसाठी नाई."

त्याचं नाव धीरज. लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा होता त्याच्याकडे. पुढच्या आठवड्यात कॅमेरा घेऊन तो आमच्या घरी हजर झाला... आणि मग दर गुरुवारी नवा धडा शूट करायला यायला लागला.

व्हिडिओ शूट करायला अर्धा तास लागायचा. चढवायला मात्र तीन तास, आणि मध्येच लाइट गेली तर पुन्हा पहिल्यापासून. तेवढा वेळ आम्ही कॅफेत शेजारी शेजारी बसून टक्के मोजायचो.

"अठ्ठावीस," तो म्हणायचा.

"लय हळू आहे तुमचं नेट."

"मग दुसरीकडे जात जा."

"जाईन ना! उद्यापासूनच..."

"गुरुवार सोडून जाजो," तो पडद्याकडे पाहतच म्हणायचा.

मला तो आवडायला लागला होता. नेमका कधीपासून ते सांगता येणार नाही, पण चौसष्ट टक्क्यांच्या आसपास असावं. लाइट जावी असं मनात म्हणणारी अख्ख्या आर्वीत मी एकटीच असेन.

लोकांना धरून कसं ठेवायचं, हे त्याने शिकवलं. त्या साइटवर एक लाल रेषा दिसायची, बघणारे कुठे कुठे उठून गेले ते सांगणारी. आमची रेषा पहिल्या मिनिटातच कोसळायची. "आधी चुकलेलं दाखव," तो म्हणाला. (तोवर तुम्हीचं तू झालं होतं, कुणी केलं ते आठवत नाही.) मग मी दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापलेलं ब्लाउज कॅमेऱ्यासमोर धरलं, तसं तर प्रत्येक नव्या मुलीचं होतंच. "आता उपाय सांगू नको. थोडं थांब. मानसाले पुढचं पाहावं वाटलं पाहिजे." रेषा खरोखर पाचव्या मिनिटापर्यंत तग धरू लागली. शेवटी मात्र आईची यादी सुरू झाली की ती जमिनीला टेकायची. पंचवीस-तीस जण तेवढे उरायचे.

"हे झोपले असन," धीरज म्हणायचा. "शेवटी कोनी राहात नाई, मयुरी."

अडचण अशी, की ही कला तो माझ्यावरही वापरत होता. काहीतरी सांगायला तोंड उघडायचा... आणि थांबायचा. पुढचं मी घरी जाऊन रचत बसायची. दिवाळीनंतर त्याला पुण्यात एडिटिंगची नोकरी लागली. जायच्या दिवशी डेपोत मला म्हणाला, "मयुरी, एक सांगायचं होतं..."

"सांग ना."

"जाऊ दे. काकाले सांगितलं आहे, तुले कॅफेत कॉम्प्युटर मोकळा ठेवतील."

म्हणजे प्रेमदासकाका, कॅफे त्यांचंच. काय सांगायचं होतं म्हणे, तर कॉम्प्युटर! बस गेली, धूळ बसली, मी उभीच.

नंतर त्याचे फोन यायचे, पण सगळे व्हिडिओबद्दल. चौथ्या मिनिटाला आवाज कमी आहे, कात्री जवळून दाखव. मी हो हो म्हणायची आणि फोन ठेवून रडायची. गुरुवार मला खायला उठायचा. त्याच्या जागी आता एक स्टूल होतं, त्यावर मोबाईल टेकवलेला. त्या स्टुलाकडे बघून मी कुणासाठी हसायचं?

फेब्रुवारीत आईने सांगितलं, "रविवारी पुलगावचे पाहुणे येऊन राह्यले तुले पाहाले. पोरगा चांगला आहे. तुह्या मनात काही असन तं आधी सांगजो." माझ्या मनात काय आहे हे मला पक्कं माहीत होतं. त्याच्या मनातलं माहीत नव्हतं, आणि फोनवर विचारायची हिंमत नव्हती.

त्या आठवड्यात आईचा घसा बसला, म्हणून यादी मी वाचली. छत्तीस नावं झाली. पुढे कोण ऐकणार आहे? शेवटी कुणी राहात नाही, त्यानेच सांगितलेलं. मी कॅमेऱ्यात पाहून म्हटलं, "अन् पुण्याचा धीरज. त्याले बाही बसवता येत नाई, पन त्याच्याशिवाय मले करमत नाई. रविवारी मले पाहाले पाहुणे येऊन राह्यले, धीरज. तुले जे सांगायचं होतं... आता तरी सांग." आणि घाबरत घाबरत चढवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरतेहून काजलचा फोन. "मयुरे, हा धीरज कोन व?"

"तू शेवटपर्यंत पाहतेस?"

"म्हंजे? बाईच्या तोंडून आपलं नाव आयकाचं राह्यते ना! सगळ्याच पाहतो."

दहा मिनिटांत हिंगणघाटची आचल. मग सेलूहून, कारंज्याहून... झोपलेली माणसं सगळी टक्क जागी होती! दुपारपर्यंत निम्म्या जिल्ह्याला कळलं, आणि आईलाही. ती माझ्यासमोर येऊन बसली. मला वाटलं, आता बरसणार. ती बसक्या आवाजात एवढंच म्हणाली, "मंग? त्यानं पाह्यलं का शेवटपर्यंत?"

"माहीत नाई व, आई."

"जा, पाहून ये."

मी पळतच कॅफेत गेले. रेषा नेहमीसारखी उतरत उतरत आली होती. पण शेवटच्या अर्ध्या मिनिटात... ती उठून उभी होती. कुणीतरी तेवढाच तुकडा मागे नेऊन नेऊन ऐकला होता. खाली त्याने लिहिलं होतं, "अकरा वेळा आयकलं. तेच सांगायचं होतं. रविवारी सकाळच्या गाडीनं वर्ध्याले उतरतो. पाहुण्यायले नाई म्हन."

"काय झालं व पोरी?" प्रेमदासकाकांनी विचारलं. मी हसत होते की रडत होते, त्यांना कळत नव्हतं. मलाही नव्हतं.

पाहुण्यांना नाही कळवलं, आणि रविवारी दुपारी आमच्याकडे शूटिंग झालं. घसा पुरता सुटला नव्हता, तरी यादी आईने स्वतः वाचली. छत्तिसाव्या नावानंतर चष्मा नीट केला आणि माझी चूक दुरुस्त केली. "अन् आर्वीचा धीरज."

कॅमेरा त्याच्याच हातात होता. चित्र तिथे चांगलंच हललं आहे. तेवढं आम्ही कापलं नाही.