नोरीनच्या दारापर्यंत

आयर्लंडमध्ये स्नोमोबिल ठेवणं म्हणजे कोकणात हीटर विकायला बसण्यासारखं आहे. इथे बर्फ पडतो तो चहा उकळेपर्यंत वितळतो. पण शेजारच्या नोरीनच्या भावाला, डोनलला, हौस होती. काही वर्षं कॅनडात काम करून परत येताना त्याने एक पिवळी स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर धावणारी गाडी, जहाजातून मागवून घेतली. पुढे घसरायला दोन पट्ट्या, मागे फिरणारा रुंद रबरी पट्टा, स्कूटरसारखं हँडल आणि दोघं बसतील अशी लांब सीट. आख्खं गाव हसलं म्हणे. हसू दे, हौसेला मोल नसतं.

मी उल्हास. नास गावाच्या पलीकडे कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या एका कंपनीत मेंटेनन्स बघतो आणि विकलो नावाच्या डोंगराळ भागात भाड्याने राहतो. घर मीच निवडलं, शांतता हवी म्हणून. शांतता भरपूर मिळाली. माझी बायको गिरिजा तिच्या आईला बघायला तीन महिन्यांसाठी पुण्याला गेली, त्याला हा तिसरा हिवाळा. भांडण नाही, तंटा नाही. फोन करते, जेवलास का विचारते, आणि मग आम्ही दोघंही फोन कानाला लावून गप्प बसतो. नासमधली मराठी मंडळी गणपतीत भेटली की ‘येऊ रे एकदा तुझ्याकडे’ म्हणतात. एवढा अरुंद रस्ता चढून कोण येतंय. माझ्या स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये सहा कप आहेत, आणि मी रोज एकच विसळतो. (इथे कपाटाला प्रेस म्हणतात, मीही म्हणायला लागलोय.)

आमच्या रस्त्यावर दोनच घरं. माझं वर, नोरीनचं खाली, मधे एक शेत. नोरीन सत्तरीच्या पुढची, बोटं संधिवाताने वाकलेली. भाऊबहीण दोघांनी लग्न केलं नाही, एकाच घरात म्हातारे झाले. मागे एका वर्षी मोठा बर्फ पडला तेव्हा डोनल स्नोमोबिल घेऊन वर अडकलेल्या मेंढ्या आणायला गेला. गाडी वरच्या फाटकापाशी सापडली, सरळ उभी, पेट्रोल संपलेली. डोनल सापडला नाही. बर्फ वितळल्यावरही नाही. मेंढ्या मात्र दुसऱ्या दिवशी आपापल्या खाली आल्या.

हे सगळं तिनेच मला सांगितलं, एकदाच, बटाटे सोलता सोलता. येत्या वसंतात ती नासच्या वृद्धाश्रमात जाणार होती, घर विकलं जाणार होतं. त्याआधी तिला एकच गोष्ट हवी होती. गाडी चालू व्हावी, आणि बर्फ पडला की मी ती वरच्या फाटकापर्यंत नेऊन परत तिच्या दारात आणावी. का, ते तिने सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही. म्हटलं, म्हातारीचं मन आहे. आणि खरं सांगायचं तर शनिवार-रविवार मला खायला उठायचे. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसा मी कामाला लागलो.

तिच्या गोठ्यामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गाडी होती. एअरफिल्टरच्या डब्यात उंदरांनी पिढ्यान्‌पिढ्या संसार केलेला. कार्बोरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा मधासारखा चिकटा. रबरी नळ्या हात लावताच तुटल्या, पट्टा फिरवणाऱ्या चाकांचे बेअरिंग गंजून बसलेले. पण पिस्टन शाबूत होता. मी कार्बोरेटर उकळून घेतला, सुईने एकेक भोक मोकळं केलं, नळ्या बदलल्या, नवा बेल्ट फिनलंडहून मागवला. मागची बाजू ठोकळ्यावर चढवून स्टार्टरची दोरी ओढ ओढ ओढली. खांदा निखळायची वेळ आली तेव्हा ती खोकली, निळा धूर ओकली आणि चालू झाली. टू-स्ट्रोकचा तो वास! वडिलांची स्कूटर, रविवारची सकाळ, फडकं आणि बादली. त्या थंडगार शेडमध्ये मी चक्क नाक ओढत उभा होतो.

मागच्या स्प्रिंगची गंमत त्यानंतर सुरू झाली. तिथे एक फिरवायची चकती असते. एकटा बसणार असेल तर पहिली खाच, मागे कुणी बसणार असेल तर दुसरी, म्हणजे स्प्रिंग कडक होते. मी चकती पहिल्या खाचेत लावून घरी आलो. पुढच्या शनिवारी पाहतो तर दुसऱ्या खाचेत. म्हटलं, आपणच विसरलो असू. पुन्हा पहिल्या खाचेत आणली आणि खडूने खूण केली. त्यानंतरच्या शनिवारी खडूची खूण तशीच्या तशी, पण चकतीबरोबर फिरून दुसऱ्या खाचेसमोर आलेली.

ती चकती नुसत्या हाताने फिरत नाही. लांब पाना लागतो, आणि वर माझं सगळं वजन. नोरीनला तर बरणीचं झाकण उघडत नाही, माझ्याकडे आणून देते. तरी मी तिला विचारलं.

“मग राहू दे ना तशीच, उली,” ती म्हणाली. मला ती उली म्हणते. तिने मान वर केली नाही.

मी राहू दिली नाही. मी हट्टाला पेटलो. गाडीवर एकटाच बसणार आहे ना मी? मग चकती पहिल्याच खाचेत राहील. त्यानंतर ती हलली नाही, कारण दोन दिवसांनीच बर्फ पडला.

हवामान खात्याची रेड वॉर्निंग होती, कंपनीने घरीच थांबा म्हणून कळवलं. शेतांच्या भिंती दिसेनाशा झाल्या होत्या. दुपारी मी चालत खाली गेलो. नोरीनने केस नीट विंचरले होते, चांगला कार्डिगन घातला होता. टेबलावर दोन ताटल्या मांडलेल्या. मला जेवायला थांबवतेय असं वाटून मी आत बसायला लागलो, तर म्हणाली, आधी गाडी.

तिने मला दारातच थांबवून सांगितलं, “फाटकापाशी थांब. इंजिन बंद करू नकोस. थोडा वेळ नुसता बस, आणि मग सरळ माझ्या दारापर्यंत ये. मधे कुठे थांबायचं नाही.”

मी ग्रँड म्हणालो. इथे सगळ्यालाच ग्रँड म्हणतात.

गाडी सुरेख चालली. मला स्वतःचाच अभिमान वाटला. माझ्या घरावरून वर गेलो, पाइनची झाडं संपली, मग नुसता पांढरा उतार. वरचं फाटक अर्धं गाडलेलं होतं. मी गाडी वळवून उभी केली आणि बसलो. इंजिन संथ चालत होतं. वारा नव्हता. कुठे पक्षी नाही, मेंढरू नाही. मला एकदम पोरकं वाटलं, आणि इथे येऊन किती वर्षं झाली, या देशात आपल्याला नावाने हाक मारणारं कोण आहे, असले नको ते विचार यायला लागले.

तेवढ्यात गाडी मागून खाली बसली.

धक्का नाही, आवाज नाही. कुणी जड अंगाचं माणूस सांभाळून बसावं तशी, चार बोटं. हँडल माझ्या हातात हलकं झालं.

मी स्वतःला समजावलं की स्प्रिंग गेली. जुनी स्प्रिंग, थंडी, धातू ठिसूळ होतो. ॲक्सिलरेटर दाबला. उतारावर प्रत्येक उंचवट्याला मागची बाजू आदळत होती, दोघांचं वजन एकाच्या खाचेत आदळतं तशी. पाठीला थंडी लागत नव्हती. पुढून गारठलो होतो, आणि पाठ मात्र आडोशाला होती.

चष्म्यावर बर्फ धरला. पुढचं काही दिसेना. खाली नोरीनचं दार उघडं असल्याचा पिवळा उजेड तेवढा अंधुक जाणवत होता, पण ते दूर होतं आणि माझं दार जवळ होतं. भ्यालेला माणूस आपल्याच दाराकडे वळतो.

मी थांबलो. इंजिन बंद केलं. उतरलो.

मी उतरल्यावर गाडी वर यायला हवी होती. आली नाही. चार बोटं खालीच राहिली.

मी चष्मा पुसला. सीटवर कुणीही नव्हतं.

पळायला हवं होतं, हे मला कळतंय. पण आमच्या घरी गॅसवाल्यालासुद्धा चहा विचारल्याशिवाय आईने कधी सोडलं नाही. माझ्या दारात किती दिवसांनी कुणी आलं होतं. आणि आपण खिशातल्या किल्लीवर हात ठेवून उभे. शब्द तोंडातून निघूनच गेले, ते मराठीतच.

“दारापर्यंत आलायत, तर आत या. चहा घेऊनच जा.”

गाडी वर आली. हळूहळू. आधी डावी बाजू, मग उजवी, गुडघे दुखणारं माणूस उतरतं तशी.

बर्फात कसलीही खूण उठली नाही. मी नीट पाहिलं.

दार उघडून मी आधी बाजूला झालो, मग आत गेलो. आलं किसलं. प्रेसमधून दुसरा कप काढला, त्यावर धूळ होती, विसळला. चहा गाळून दोन्ही कप टेबलावर ठेवले, एक माझ्या खुर्चीसमोर, एक गिरिजाच्या.

फोन वाजला. खिडकीतून खालचं घर दिसत होतं. दार सताड उघडं, बर्फावर उजेडाचा लांब पट्टा, त्यात नोरीन उभी, फोन कानाला. गाडीचा आवाज तिने ऐकला असणार. थांबलेलाही ऐकला असणार.

“उली,” ती म्हणाली, “तो आला का?”

माझ्या मागे खुर्ची कुरकुरली. गिरिजाच्या खुर्चीचा मागचा पाय सैल आहे, कुणी टेकलं की कुरकुरते. तो आवाज मी तीन हिवाळ्यांत ऐकला नव्हता. आणि भीती राहिली बाजूला, मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

“गाडी बंद पडली, नोरीन,” मी म्हणालो. “आज काही खाली आणता येणार नाही.”

खाली उजेडात ती दाराच्या चौकटीला टेकली.

“बरं,” ती म्हणाली. “मी दार उघडं ठेवते.”

मी फोन ठेवला. पडदा ओढून घेतला आणि टेबलाशी येऊन बसलो.

माझ्या चहावर साय धरली होती. समोरच्या कपातली साय फुटून कडेला चिकटली होती, आणि चहा अर्ध्यावर आला होता.