उंबऱ्यासकट

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. बांधणं राहू द्या, नुसती दारं-खिडक्या बदलायला काढा, सुतारापासून सख्ख्यापर्यंत सगळ्यांची ओळख पटते. गंगारामाला ती पटली, पण फार उशिरा.

मुंबईच्या गोदीतल्या वर्कशॉपात फिटर म्हणून उभा जन्म घालवून तो शहाऐंशी साली लांज्याजवळच्या आपल्या वाडीत परतला. घर चिऱ्याचं, कौलारू, भक्कम. खोट एकच, उजेडाची. खिडक्या म्हणजे हातभर भोकं आणि त्यांना जाड लाकडी गज. त्याच्या बायकोने, तुळसाने, सगळा संसार या अंधारात एकटीने ओढला होता. तांदूळ निवडायचे तरी सूप घेऊन तिला अंगणात बसावं लागे. नवरा शिमग्याला आला की ती म्हणायची, "अवो, मला दागिना नको. एक काचेची खिडकी करा." ते ऐकून घेण्यातच गंगारामाची वर्षं गेली. आता दिवाळी उरकून ती लेकीच्या बाळंतपणाला डोंबिवलीला गेली होती. ती परत येईल तेव्हा घर उजेडाने भरलेलं असलं पाहिजे, हे त्याने मनाशी पक्कं केलं. उरलेलं आयुष्य त्याला तिच्यासोबत त्या उजेडात बसायचं होतं, दुसरं काही नको होतं.

फंडाचे पैसे हाती आलेला माणूस दुकानदाराला लांबून ओळखू येतो. रत्नागिरीच्या वखारवाल्याने आधी चहा पाजला, मग कुठून रिटायर झालात ते विचारलं आणि मग भाव सांगितला. तो चहा फार महाग पडला असता. लांज्यातल्या एकाने भाव बरा सांगितला, पण त्याच्या सागात गंगारामाने नख रोवलं तर नख आत गेलं. ओलं लाकूड. पावसाळ्यात फुगून दारच लागलं नसतं. गंगारामाला फुकट काही नको होतं, पण फसूनही घ्यायचं नव्हतं. लाकडाला लाकडाचे, हाताला हाताचे, एवढाच त्याचा हिशेब.

"मग केरूला बोलाव की," त्याचा धाकटा भाऊ आत्माराम म्हणाला. "माझ्या घराचं काम तोच करतोय. माणूस सरळ हाय."

आत्माराम गाव सोडून कधी गेला नाही. आईवडिलांचं शेवटचं त्यानेच केलं. वाटणीत घर थोरल्याकडे गेलं आणि त्याच्या वाट्याला डोंगरमाथ्यावरच्या सपाट सड्यावरची उघडी कातळाची जागा आली, तरी त्याने तोंड वाकडं केलं नाही. निदान गंगारामाने तरी ते पाहिलं नाही. यंदा कुठे त्याच्या घराच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. भावाचा शब्द म्हणजे गंगारामाला देवाचा कौल होता.

केरू सुतार आला. बेतशीर म्हातारा, बोलणं तंबाखूपुरतं. त्याने मापं घेतली आणि आकडा सांगितला. गंगारामाने आपला सांगितला. बराच वेळ घासाघीस झाली. केरू म्हणाला, "जुनं लाकूड मला द्या, तेवढं कमी करतो." फणसाचं जुनं लाकूड, सोन्यासारखं पिवळं झालेलं. गंगाराम कबूल झाला, तरी दोघांच्यात थोडं अंतर राहिलंच.

"दादा," आत्माराम बाजूने हळूच म्हणाला, "उंबऱ्यासकट म्हण. बघ भाव पडतो की न्हाय."

केरूचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. "उंबरा मी नेत न्हाय," तो म्हणाला. "दार गेलं तरी उंबरा घरचा. नव्याच्या खाली पुरायचा असतो."

"लाकूडच ना ते?" गंगाराम म्हणाला.

केरूने आत्मारामाकडे पाहिलं. आत्माराम आपल्या पायांकडे पाहत होता. मग केरूने एकदम असा भाव सांगितला की नुसतं सागाचं लाकूडही त्या पैशात आलं नसतं. गंगाराम हुशार माणूस, त्याला हे कळायला हवं होतं. पण घासाघिशीत जिंकलेल्या माणसाला आपण का जिंकलो हे विचारावंसं वाटत नाही.

"तोंडानं सांगा मग," केरू म्हणाला. "उंबरा दिला, म्हणा."

"दिला बाबा. उंबरा दिला."

काम मात्र केरूने चोख केलं. खिडक्यांना मोठाली काचेची तावदानं बसली, सागाचं दोन फळ्यांचं दार बोटाने ढकललं तरी फिरू लागलं. पहिल्या सकाळी ऊन थेट देव्हाऱ्यापर्यंत गेलं. चुलीमागच्या भिंतीला तुळसाच्या हाताचे तेलकट ठसे होते, ते गंगारामाने जन्मात पहिल्यांदा पाहिले. त्याचे डोळे भरून आले. त्याने तिला कार्ड टाकलं, कधी येतेस ते कळव.

उत्तर आलं नाही. पोस्टमन अंगणाच्या कडेने जाई, पण मान वर करत नसे. शेवटी गंगारामाने त्याला पाणंदीत गाठला.

"तुमच्या बायकोचं कार्ड ना? दिलं की घरी."

"कुणाच्या घरी?"

"तुमच्या," पोस्टमन म्हणाला आणि त्याने सड्याकडे बोट केलं.

गंगाराम तसाच सडा चढून गेला. आत्मारामाच्या घराला अजून गिलावा नव्हता. तांबड्या चिऱ्यांत त्याचं स्वतःचं दार बसवलेलं होतं. त्याच्याच खिडक्या, तेच लाकडी गज. आणि खाली उंबरा, मधोमध पायांनी झिजून खोलगट झालेला. त्याच उंबऱ्यावरचं माप लवंडून तुळसा नवरी म्हणून घरात आली होती. त्यावर ताजं हळदकुंकू वाहिलेलं होतं. तुळसाचं कार्ड चौकटीच्या फटीत खोचलेलं होतं.

गंगारामाला राग आधी आला नाही. आधी त्याने वाकून उंबऱ्याचा झिजलेला भाग हाताने चाचपला. पाठच्या भावाने केसानं गळा कापला होता, तोही कडेला उभं राहून, आपल्याच फायद्याची गोष्ट सांगतोय असं दाखवून.

"केरूला वरचे पैसे तू दिलेस," तो अंगणात आलेल्या आत्मारामाला म्हणाला. "मागितला असतास तर मी दिला नसता का?"

"उंबरा मागून मिळत न्हाय, दादा," आत्माराम म्हणाला. "तोंडानं द्यावा लागतो." मग म्हणाला, "आईबाचं मी केलं. घर तुला गेलं. मी कंदी बोललो?"

गंगारामाने कार्ड उचललं आणि खाली आला. तुळसा लवकरच निघणार होती, दिवस लिहिला नव्हता. भावाशी बोलणं संपलं, एवढंच या प्रकरणाचं मोल, असं त्याने स्वतःला समजावलं. लाकडाची चोरी लाकडापुरतीच असते.

संध्याकाळी गुरं परतली. गंगारामाची गाय गोठ्याच्या वाटेला न वळता सरळ सड्याकडे चालू लागली. गोठा घराच्या मागे होता. त्या गाईने दाराचा उंबरा जन्मात पाहिला नव्हता. त्याने दावं धरून तिला ओढत आणलं. ती रात्रभर खुंट्याला हिसके देत राहिली आणि सकाळी खुंटा उपटून गेलेली होती.

नंतर शेजारची कमळा आली आणि त्याच्या अंगणात भाताच्या पेंढ्या टाकू लागली. दारापर्यंत पसरल्या, मग दारातही.

"वहिनी, चालायचं कुठून मी?"

कमळा दचकली. आवाज कुठून आला ते कळलं नसल्यासारखं तिने इकडेतिकडे पाहिलं. मग तिला तो दिसला. "तुमी हय व्हय?" ती म्हणाली. "मला वाटलं, जागा मोकळीच हाय." तिने पेंढ्या उचलल्या नाहीत.

देवळाच्या उत्सवाची वर्गणी दर उंबऱ्याला गोळा करायची रीत. गावकार आप्पा घरोघर फिरला. कमळाकडून निघून तो गंगारामाच्या दारावरून पुढे गेला. गंगाराम पैसे घेऊन त्याच्या मागे धावला. आप्पाने हात पुढे केला नाही.

"वाडी अठरा उंबऱ्याची," आप्पा म्हणाला. "अठरा पोचले."

"माझा धरून?"

"तुझा सड्यावर मिळाला की. तूच आणून दिलास." आप्पा त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिला, ओळख विसरत चाललेला म्हातारा पाहतो तसा. "नवा उंबरा जास्तीचा झाला का कुणाचा?" त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता चालू लागला.

गंगाराम त्या दिवशी सडा चढला नाही. त्याला भीती वाटली. मशिनच्या पट्ट्यात हात घालताना न भ्यालेला माणूस आपल्याच स्वच्छ उजेडाच्या घरात दार लावून बसला. घर छान होतं. भाव रास्त होता. काचेतून सगळी वाडी दिसत होती आणि वाडीतलं कुणीही या बाजूला पाहत नव्हतं. तुळसा आली की सगळं जागेवर येईल, असं तो पुन्हा पुन्हा मोठ्याने म्हणाला. तुळसा या वाडीतल्या सगळ्यांसारखी नव्हती. ती त्याची होती.

दुपारच्या एस्टीने ती आली. त्याने खिडकीतून पाहिलं. हातात पिशवी, डोक्यावर ट्रंक, ओळखीची जलद चाल. तो दार उघडून अंगणात आला. पेंढ्यांवर पाय अडखळला.

"तुळसा," त्याने हाक मारली.

ती पाणंदीने आली, अंगणाच्या कडेने गेली आणि सड्याची चढण चढू लागली. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

तो मागे धावला. चढणीवर त्याला धाप लागली. ती पुढेच राहिली. जुन्या दारापाशी तिने ट्रंक उतरवली, उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि उजवा पाय आत टाकला.

"अवो, मी आलंव," ती म्हणाली.

"ये," आतून कुणी म्हणालं.

गंगाराम अंगणात थबकला. आत्माराम बाहेर दगडावर बसला होता. त्याची चूल बाहेरच मांडलेली होती, तिच्याजवळ त्याची वळकटी होती. दाढी वाढली होती.

"कोण आहे आत?"

"मला नुसतं घर पायजे व्हतं, दादा," आत्माराम म्हणाला. "आत कोण हाय ते मला इचारू नको." त्याने मान खाली घातली. ती त्याने परत वर केली नाही.

लाकडी गजांच्या मागे काळोख होता. काळोखात तुळसा हसली. खूप दिवसांनी घरी आल्यावर बाई हसते, तसं.

"तुळसा."

ती दारात आली. हातात पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला. परक्या पुरुषासमोर ओढतात तसा.

"पावणे, कंच्या गावचे?"

"तुळसा, मी."

तिने तांब्या उंबऱ्याच्या बाहेर ठेवला आणि चटकन मागे सरली.

"अवो," ती आत वळून हलकेच म्हणाली, "यांना माझं नाव ठावं हाय."

आत कुणीतरी पाट सरकवला. गोदीत साखळी पडल्यापासून गंगारामाचा डावा गुडघा उठताना कटकन वाजत असे. गंगाराम तर उभाच होता. गुडघा आत वाजला.