मुंजाजीमामांच्या गिरणीतली पाल

"चुक् चुक् चुक्!"

"पाल बोलली! म्हणजे आपलाच पैलवान जिंकायलाय!" मुंजाजीमामा खूश झाले.

नुकतीच लाईट गेली होती. बोरीतली मामांची पिठाची गिरणी धडधडायची थांबली होती, पण तिच्या फळीवर ठेवलेल्या लॅपटॉपवर कुस्ती चालूच होती. लॅपटॉप राजेश्रीताईचा. ती आणि धाकटी निकिता दिवाळीच्या सुट्टीला मामांकडे आल्या होत्या.

"मामा, पैलवान हवेतच लटकलाय की!" पडद्यावर अडकलेलं चित्र पाहून निकिता हसली.

"दम खायलाय तो!"

दळण घेऊन आलेला शेजारचा सिद्धोधन भिंती न्याहाळत होता. "निकिता, पाल तर कुठंच न्हाई!"

दोघांनी आढं पाहिलं, पोत्यांमागं पाहिलं. चुक् चुक्! सिद्धोधनने लॅपटॉपला कान लावला आणि त्याचे डोळे विस्फारले. "अगं, पाल हितं आत हाय!"

निकितानेही कान लावला. आवाज लॅपटॉपमधूनच येत होता! ताईने सुट्टीभर गावातल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या याच लॅपटॉपमध्ये रेकॉर्ड केल्या होत्या. दुसरीकडे कुठेच नव्हत्या! सगळ्यांत जास्त सिद्धोधनच्या आजीच्या, चांगुणाबाईंच्या. त्यांनी स्वतःचा आवाज जन्मात ऐकला नव्हता. आज संध्याकाळी तो ऐकायलाच त्या येणार होत्या.

"मामा, बंद करा! जल्दी!"

"कुस्ती तर संपू दे!"

चुक् चुक्!

निकिताने डोळे मोठे केले. "मामा! आता दक्षिणेकडून बोलली, अपशकुन!"

"अरे देवा! न्या बाई, न्या!" मामांनी हातच जोडले.

लॅपटॉप बंद करून, तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून दोघं ताईकडे पळाली. ताईने तो चालू करून तपासला. पडद्यावर पिवळी अक्षरं उमटली : सावधान!

"हार्डडिस्क बिघडत चाललीय," ताईचा चेहरा उतरला. "आत चकती फिरते, तिच्यावर सुईसारखा हात. गिरणीच्या हादऱ्यांनी तो हात चुकायलाय, त्याचाच हा आवाज."

"मग बदलू की!" निकिता म्हणाली.

"आधी गाणी वाचवू!" ताई म्हणाली.

पेन ड्राइव्ह लावला. एकेक ओवी ओंजळीतल्या पाण्यासारखी जपून पलीकडे जाऊ लागली. शेवटची अडली. चुक् चुक्!

"हल की गं माय!" सिद्धोधन पुटपुटला. आणि ती हलली!

दुपारच्या एसटीने ताईने जिंतूरहून नव्या प्रकारची डिस्क, एसएसडी आणली. "हिच्यात फिरणारं काहीच न्हाई!" चार्जर काढला, बॅटरी सुटी केली. निकिता स्क्रू काढत गेली, सिद्धोधनने ते ताटलीत जागच्या जागी मांडले, जणू रांगोळीचे ठिपकेच! जुनी डिस्क निघाली, नवी बसली, विंडोज नव्याने टाकलं, आणि ओव्या घरी परतल्या.

संध्याकाळी अंगणात आवाज घुमला,

जोंधळ्याचं पीठ, सांडतं चांदण्यावानी
लेक माझी दूर, तिला धाडते गं गाणी

"आगं बया! कोण गाती ही?" चांगुणाबाई चकित झाल्या.

"आजी, तूच की!"

त्यांनी पदराने तोंड झाकलं, मग पदराआडून हळूच स्वतःच्याच सुरात सूर मिळवला. सगळा प्रकार कळल्यावर मात्र त्या खळखळून हसल्या. "जात्यानं दिलेली गाणी तुझ्या गिरणीनं दळायलाच घेतली होती की रं, मुंजाजी!"

मामांनी कान पकडले. "चुकलो, मावशी! पण पोरं लय हुशार!"

"चुक् चुक् चुक्!"

सगळे दचकून लॅपटॉपकडे वळले. तो गप्प होता. सिद्धोधनने आकाशकंदिलाकडे बोट दाखवलं. तिथे एक गलेलठ्ठ पाल ऐटीत बसली होती!

"बघा!" मामा ओरडले, "तिलाबी पटलं!"