मास्तरणीची तीन कार्डं

मुलांनो, जरा कल्पना करा. तुमच्यासमोर एक शेळी उभी आहे आणि तिला दुखतंय. आता शेळीला काही ‘गुडघा ठणकतोय’ असं सांगता येत नाही. उलट दुखणं लपवण्यात शेळ्या मोठ्या पटाईत, कारण कळपात जी मागे पडते तिच्यावर शिकारी जनावराची नजर आधी जाते. मग तुम्ही कसं ओळखाल?

कान बघा. डोळे बघा. तोंड किती आवळलंय, ती कशी चालते, किती खाते ते बघा. या पाच गोष्टींना मार्क द्या. ठीक असेल तर शून्य, थोडं बिघडलं असेल तर एक, बरंच बिघडलं असेल तर दोन. म्हणजे दहापैकी मार्क. फरक इतकाच, की इथे जितके जास्त मिळतील तितकं वाईट.

आता त्या शेळीमागे एक लांब शेड बघा. फळ्यांच्या भिंती, फटींतून आत आलेले उन्हाचे पट्टे, खाली कोरडा पेंढा. शेळ्यांवर अभ्यास करणारं हे एक केंद्र. कोणत्या चाऱ्याने किती दूध येतं, असला अभ्यास. शेडच्या दारातच जंतुनाशक पाण्याचा उथळ हौद होता. बुटांसकट पाय बुडवल्याशिवाय आत यायचं नाही.

आणि जनावरांचे नवे डॉक्टर पहिल्याच दिवशी तो हौद उडी मारून ओलांडून आले.

“पाय,” आतून आवाज आला.

“काय?”

“पाय बुडवा. मागे जाऊन, दोन्ही.”

बोलणारी होती शेडची प्रमुख. वय एकोणतीस, हातात दुधाची बादली, कपाळावर पेंढ्याची एक काडी. तिला आपण मावशी म्हणू, कारण शाळा सुटल्यावर रोज तिथे येणारी तिची भाची तिला तेच म्हणायची. भाची आठ वर्षांची. एका जागी दोन मिनिटं थांबायची नाही, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी.

डॉक्टर मुकाट्याने मागे गेले, पाय बुडवून आले. तेवढ्यात एका म्हाताऱ्या पांढऱ्या शेळीने त्यांच्या खिशातून डोकावणारा कागद ओढला आणि चावायला सुरुवात केली.

“अहो, ते माझं नेमणुकीचं पत्र आहे!”

“होतं,” मावशी म्हणाली. “आमच्या मास्तरणीने मंजूर केलं बघा.”

डॉक्टर हसले. मावशीही हसणार होती, पण मग तिने बादली उगीचच दुसऱ्या हातात घेतली...

मास्तरीण म्हणजे ती शेळी. कळपाच्या पुढे चालायची, बाकीच्या निमूट मागे, म्हणून हे नाव. अकरा वर्षांपूर्वी मावशी कामाला लागली त्याच आठवड्यात ती जन्मली होती. आई दगावली, तेव्हा मावशीनेच तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं. आता तिचे पुढचे दोन्ही गुडघे सुजले होते. डॉक्टरांनी औषध सुरू केलं आणि मावशीला त्या पाच मार्कांचं एक कार्ड दिलं.

“एक तुम्ही रोज भरायचं, एक मी. एकमेकांचं बघायचं नाही,” ते म्हणाले. “दोघांनी मिळून बघितलं की दोघं मिळून चुकतात. ज्याच्या कार्डावर सात येतील, त्याने त्याच दिवशी सांगायचं. सात म्हणजे औषधाचा उपयोग संपला. मग तिला शांतपणे जाऊ द्यायचं. नाहीतर शनिवारी दोन्ही कार्डं शेजारी ठेवून बघू.”

“आणि मी?” भिंगरीने विचारलं.

“तूही भर,” असं म्हणून त्यांनी तिलाही एक कार्ड दिलं. साताचा अर्थ मात्र तिला कोणी सांगितला नाही. डॉक्टर ते सांगत होते तेव्हा ती हौदात उड्या मारत होती.

डॉक्टर रोज चार वाजता येऊ लागले. तपासणी दहा मिनिटांची, पण ते तासभर थांबायचे. कधी तुतीचा पाला घेऊन यायचे.

“हा पाला तिच्यासाठी आणलाय की माझ्यासाठी?” मावशीने एकदा विचारलं.

“तुम्ही खाता?”

“खात नाही. पण आणणाऱ्याकडे बघते तरी.”

डॉक्टरांचे कान लाल झाले. भिंगरीने ते पाहिलं, पण कार्डावर लाल कानांसाठी जागा नव्हती.

एके दिवशी मास्तरीण तिच्या वेगळ्या कप्प्यात, कोपऱ्यात एकटीच उभी होती. डॉक्टर भिंगरीला म्हणाले, “दुखतं त्याला एकटं ठेवायचं नाही. ओळखीचं कुणीतरी आत सोडायचं आणि कडी लावून घ्यायची, म्हणजे ते निघून जात नाही. जा, ढब्बीला आण.” ढब्बी ही मास्तरणीची जुनी सोबतीण, पोट हे एवढं मोठं. भिंगरीने तिला मागून ढकलत आत नेलं आणि कडी लावली. थोड्या वेळाने दोघी अंगाला अंग लावून रवंथ करत बसल्या.

“बघितलंस?” डॉक्टर म्हणाले. “हेही औषधच.”

शनिवार आला. चाऱ्याच्या पेटीवर तिन्ही कार्डं शेजारी ठेवली. चार दिवसांचे चार आकडे. मावशीचं कार्ड: पाच, सहा, सहा, सहा. डॉक्टरांचं: सहा, सहा, सहा, सहा. भिंगरीचं, रंगीत खडूने लिहिलेलं: सहा, सात, आठ, आठ.

पलीकडे मास्तरीण उठू पाहत होती. पुढचे गुडघे टेकून ती तशीच सरकली. कान बाजूला पडलेले, डोळे अर्धे मिटलेले.

“मी चुकले?” भिंगरीने विचारलं. “कान दोन, डोळे एक, तोंड एक, चालणं दोन, खाणं दोन. झाले ना आठ?”

“तू नाही चुकलीस,” मावशी म्हणाली. “मी कानांना एक दिला. दोन होते, दिसत होते. चालण्यालाही एकच दिला... सात लिहायला माझा हात उठला नाही.” मग तिने मान वर केली. “पण डॉक्टर, तुम्ही? तुम्हाला तर दिसत होतं. तुम्ही काही तिला बाटलीने वाढवलं नाही.”

डॉक्टर कार्डाकडे बघत राहिले. “नाही वाढवलं.”

“मग?”

“ती गेली, की मला रोज इथे यायला कारण उरत नाही,” ते हळूच म्हणाले. “एक दिवस एक मार्क कमी लिहिला. म्हटलं, उद्या नीट लिहीन. दुसऱ्या दिवशी तुम्ही हसलात... आणि मी परत कमी लिहिला.”

असं काहीतरी ऐकावं, असं मावशीला चार दिवस वाटत होतं. पण ऐकलं तेव्हा तिच्या डोळ्यांत राग होता.

“म्हणजे तुम्हाला यायला मिळावं म्हणून माझी मास्तरीण कळा सोसत होती?”

“हो.”

त्यांनी सबब सांगितली नाही. मावशी मास्तरणीकडे बघत म्हणाली, “आणि माझ्यासाठीही सोसत होती. आता उद्यावर नको. आत्ता.”

डॉक्टरांनी भिंगरीला जवळ बसवून सगळं सांगितलं. सात म्हणजे काय ते, आणि आता काय होणार तेही. “आधी झोपेचं इंजेक्शन. गाढ झोप लागली, की दुसरं. त्याने हृदय थांबतं. तोवर तिला काही कळत नसतं. तुला बाहेर थांबायचं असेल तर थांब.”

“मी थांबते. इथेच.”

मास्तरणीला कुठे ओढून नेलं नाही. तिच्याच जागेवर, ढब्बी शेजारी. मावशीने तुतीचा पाला हातावर धरला आणि दूध पाजताना बोलायची तसंच काहीबाही बोलत राहिली. पहिली सुई टोचली तेव्हा मास्तरीण पान चघळत होती. हळूहळू तिचं डोकं मावशीच्या मांडीवर कलंडलं. मग दुसरं इंजेक्शन. डॉक्टरांनी तिच्या डोळ्याला बोट लावून पाहिलं, पापणी हलली नाही. नळी छातीला लावून ते ऐकत राहिले. आवाज थांबला तरी घड्याळात बघून आणखी पाच मिनिटं ऐकत राहिले. या बाबतीत त्यांनी घाई केली नाही. मावशीने ते पाहिलं.

तासाभराने मास्तरणीला नेलं. ढब्बी कळपात परतली. त्या रिकाम्या कप्प्यात मावशी पेंढ्यावर बसून राहिली. डॉक्टर दाराजवळ एकच सुईचा डबा तीनदा पुसत होते. आत यायचा त्यांना धीर होत नव्हता.

भिंगरीने नवीन कार्ड घेतलं. मावशीकडे निरखून पाहिलं. डोळे, दोन. तोंड, दोन. चालणं... ती जागची हललीच नव्हती, दोन. शेजारचा चहा साय धरून गार झाला होता, खाणं, दोन. माणसांचे कान हलत नाहीत, म्हणून शून्य. मग तिने डॉक्टरांचंही कार्ड भरलं आणि त्यांच्यापुढे दोन्ही धरली.

“मावशीला आठ. तुम्हाला सात. आता तुम्हालाही ते...?”

“नाही गं,” डॉक्टर पटकन म्हणाले. “माणसांचं तसं नसतं. माणसांना औषध लागू पडतं.”

“कुठलं?”

भिंगरीने विचारलं खरं. पण तिला ते आधीच ठाऊक होतं. तिने त्यांना हौदाकडे वळवलं, “पाय” म्हणून दोन्ही बूट बुडवायला लावले, मागून दोन्ही हातांनी ढकलत त्या कप्प्यात नेलं, आणि बाहेरून कडी लावली.