थोरलीचा वाटा

दाहूला सांबराचे कान हवे होते. मांस मिळालं तर उत्तम, कातडं मिळालं तर त्याहून उत्तम; पण कान हवेतच!

राळ्याची खुरपणी आटोपली की बुनुन लोकांच्या त्या डोंगरातल्या वस्तीत कानांचा सण येतो. ज्याने त्याने आपण मारलेल्या जनावराचे कान झाडाला टांगायचे आणि घरातल्या पोरांनी त्यांच्यावर बाण सोडायचे, म्हणजे पुढे हात पक्का होतो. नुकतं चालायला लागलेलं पोरसुद्धा बापाच्या हाताला धरून धनुष्य ओढतं. दाहूची पहिली दोन मुलं अंगावर पीत असतानाच गेली. तिसरा तगला, दुडुदुडु धावू लागला, आणि यंदा त्याचा पहिला बाण होता. अशा पोराला परक्याच्या शिकारीवर नेम धरायला लावायचं? छे! त्यापेक्षा कड्यावरून उडी टाकलेली बरी, असं दाहू म्हणायचा, आणि त्याच्या डोक्याचा काही भरवसा नव्हता.

त्यात मेहुणा हुसुंग येताजाता चिमटे काढायचा. "आमच्या दाहूच्या दारात डुक्कर येतं की! रताळी खातं आणि जातं."

म्हणून सण तोंडावर आला तसे तिघं जण डोंगर चढू लागले. दाहू, त्याचा धाकटा भाऊ तियांग आणि म्हातारे बिसाझूकाका. बंदुका जपानी शिपायांच्या चौकीत कुलपात पडलेल्या, तेव्हा हातात भाले आणि कमरेला सुरे एवढीच हत्यारं. खरं हत्यार पुढे धावत होतं. ती तियांगची कुत्री. थोरली आणि तिची दोन पोरं, काळू आणि भुऱ्या.

थोरली दिसायला काहीच नव्हती. वाळक्या पानाचा रंग, पाठीवर डुकराच्या सुळ्याचा जुना वण, तोंडावर पांढरे केस. पण तिचं भुंकणं ऐकून तियांग पुढ्यात काय आहे ते सांगायचा. भेकरामागे ती पळता पळता चिरक्या आवाजात ओरडायची. सांबराला पाण्यात उभं केलं की सावकाश, दम घेऊन भुंकायची. डुकराला कोंडलं की एका जागी उभी राहून, तोडून तोडून.

आणि तिच्यासाठी तियांगकडे एक हाळी होती. "हूऽऽई-या!" म्हणजे शिकार पडली, सोडा, या, खायला या! शिट्टीला दाद न देणारी कुत्रीसुद्धा या हाळीला जबडा सोडून धावत यायची, कारण तिच्यामागे दरवेळी मांस असायचं. जनावर मेल्याशिवाय ही हाळी तोंडातून काढायची नाही, असं बापाने तियांगला कान पिळून शिकवलं होतं. वस्तीतल्या सालिझानने एकदा पावसात कुत्री लवकर परतावीत म्हणून ती खोटीच दिली. कुत्री आली. त्याचे रिकामे हात हुंगले. त्यानंतर रानात ती त्याच्या पायाशी उभी राहून नुसती पुढे बघायची, जनावरामागे कधी गेली नाहीत. अजूनही चुलीपाशी लोळतात आणि फुकटचं खातात.

शिकारीची सुरुवातच वाईट झाली. धुकं असं की पुढच्याची पाठ दिसेना. दरड कोसळून जुनी वाट दरीत गेली होती, त्यामुळे मुळांना लोंबकळत, ओल्या नेच्यांतून घसरत वर जावं लागलं. जळवा पोटऱ्यांना, मानेला, पापण्यांनासुद्धा! एक भेकर हाताशी आलं आणि निसटलं. दुसरं तर दाहूच्या दोन पायांमधून गेलं.

"तुला नमस्कार करून गेलं रे," काका म्हणाले.

"हसा, हसा," दाहू पुटपुटला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

मग एका सकाळी खालच्या नदीतून थोरलीचा आवाज आला. सावकाश, दम घेऊन. तियांगने भाऊ कुठे आहे हेही पाहिलं नाही, उतार घसरतच उतरला. छातीभर पाण्यात मोठं नर सांबर उभं होतं. डोळे फिरवत, शिंगं पाण्यावर आपटत! काळू प्रवाहात गटांगळ्या खात होता. दाहू वरच्या खडकावरून थेट उडी मारून सांबराच्या मानेपाशी पडला. भाला गेला! दोघं वाहत निघाले, खडकावर आपटले, आणि दाहू शिंगाला धरून रडत रडत काठाला लागला. तो खरंच रडत होता.

तियांगने हाळी दिली. कुत्री आली. आतड्याचा पहिला वाटा थोरलीला, मग पोरांना. दाहूने दोन्ही कान कापले, मीठ चोळलं, केळीच्या पानात गुंडाळले आणि ती पुरचुंडी कातडी बटव्यात घालून गळ्यात बांधली. रात्रभर त्याचा हात छातीवरच होता.

दुसऱ्या दिवशी काका वर शिकारीच्या झोपडीत मांस धुरावत बसले. "नदीकाठी टांगलेली तंगडी तेवढी आणा आणि चला खाली," त्यांनी बजावलं. "रानाने दिलं तेवढं पुष्कळ झालं."

दोघं भाऊ निघाले. अर्ध्या वाटेवर धबधब्याच्या बाजूने कुत्र्यांचा गलका उठला.

"डुक्कर!" दाहूचे डोळे चमकले. "हुसुंगच्या अंगणात नेऊन टाकतो बघ. म्हणावं, हे घे, रताळी खाणारं!"

तियांग कान देऊन ऐकत होता. "दादा, डुक्कर नाहीये ते."

"धबधब्याच्या आवाजात तुला काय कळतंय?"

"थोरलीचा आवाज अडकतोय. भुंकते आणि मध्येच गिळते. डुकराला ती अशी नाही भुंकत. मी कधी ऐकलीच नाही अशी."

"मग काय हुसुंगला भुंकतेय? तू ये मागून, म्हाताऱ्यासारखा काठी टेकत!"

"दादा, कान आहेत ना गळ्यात! चल ना परत!"

पण दाहू ऐकतो कसला. धुक्यात त्याची पाठ दिसेनाशी झाली. तियांग शिव्या देत मागे धावला.

धबधब्याच्या कुशीत खडकांची एक खोबण होती. तिन्ही बाजूंनी कडा आणि बाहेर पडायला एकच तोंड. त्या तोंडात कुत्री उभी होती. दाहू भाला रोखून त्यांच्या मधून आत घुसला आणि तियांगला त्याची किंकाळी ऐकू आली.

अस्वल!

काळंकुट्ट, छातीवर पांढरा पट्टा. दाहू त्याच्याखाली होता. भाला मोडून पडला होता. उजव्या खांद्याचं मांस लोंबत होतं. थोरली अस्वलाच्या मांडीला लटकली होती, पोरं दोन्ही बाजूंनी तोडत होती. अस्वलाने पंजा फिरवला. थोरली कड्यावर आदळली. उठली. पुन्हा चावली!

तियांगने भाला उचलला. अस्वलाची कूस त्याच्यासमोर उघडी होती. काखेखाली, बरगड्यांच्या मधोमध. एवढ्या जवळून आंधळ्याचाही नेम चुकला नसता.

आणि हात वरच राहिला.

राळं शेतात उभं असताना अस्वल मारायचं नाही. मारलंच, तर मारणाऱ्याने आणि त्याच्या सोबत्यांनी कापणी होईपर्यंत रानातच राहायचं, नाहीतर सगळ्या वस्तीचं पीक बुडतं. यात कोणाला सूट नाही, जखमीला नाही की मरणाऱ्याला नाही. वस्तीतली माणसं रडत रडत दाहूला वेशीबाहेर ठेवतील, पण आत घेणार नाहीत. कापणी अजून कुठे! तोवर त्या ओल्या झोपडीत तो खांदा सडणार. अस्वल मारलं तर दादा आज वाचेल आणि सावकाश मरेल. नाही मारलं तर आत्ताच, डोळ्यांदेखत!

अस्वल का जात नव्हतं? कारण जायला वाटच नव्हती. वाटेत कुत्री होती.

तियांगने शिट्टी मारली. एकाने ढुंकून पाहिलं नाही. त्याने नावं घेतली. काही नाही. दाहूचा आवाज आता घोगरा झाला होता.

तियांग खोबणीच्या तोंडातून मागे सरला, बाजूच्या खडकावर चढला, आणि ज्या तोंडाने आजवर कुत्र्यांशी कधी खोटं बोलला नव्हता त्या तोंडाने ओरडला, "हूऽऽई-या! हूऽऽई-या!"

काळूचा जबडा सुटला. भुऱ्याचा सुटला. दोघं वळून, जिभा बाहेर काढून धावत सुटले. थोरलीनेही मांडी सोडली. खोबणीचं तोंड मोकळं झालं.

अस्वलाने मान वर केली. दाहूकडे पाहिलं. मोकळ्या तोंडाकडे पाहिलं. खडकावर उभ्या तियांगकडे पाहिलं. ये रे बाबा, बाहेर ये, तियांग मनात म्हणत होता, जा इथून, जा! मग ते काळं धूड उठलं, हुंकारलं, आणि खडकाखालून, त्याच्या पायांच्या वीतभर खालून निघून गेलं. नेचे हलले आणि पुन्हा उभे राहिले.

तियांग भावाकडे धावला. शेवाळाचे गोळे जखमेत कोंबले, आपला अंगरखा फाडून आवळून बांधला. दाहू जिवंत होता. डोळे उघडे होते, दात वाजत होते.

"मारलंस?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग हाळी का दिलीस?"

तियांग उत्तर देणार तेवढ्यात त्याच्या हाताला ओलं नाक लागलं. काळू आणि भुऱ्या हात हुंगत होते, शेपट्या हलवत, वाट बघत. आणि त्यांच्या मागून थोरली येत होती. तिला मागचे पाय नव्हतेच जणू. पोट फाटलं होतं आणि ते ती खडकावरून ओढत आणत होती. हाळी झाली होती ना! पुढच्या दोन पायांवर ती आली, तियांगच्या समोर बसल्यासारखी पडली, आणि वर बघत राहिली.

तियांगच्या झोळीत काही नव्हतं. भाजलेलं रताळंसुद्धा नव्हतं. त्याने आपली बोटं तिच्या तोंडाशी नेली आणि मागे घेतली.

"दादा," तो म्हणाला, "कान दे."

दाहूचा डावा हात झटकन बटव्यावर गेला. "वेडा झालास? माझ्या पोराचे आहेत ते!"

"माहीत आहे."

"कुत्री आहे ती, तियांग! मरतेय ती! तिला काय कळणार आहे?"

"तिला हाळी कळली." तियांग म्हणाला. "तू तिथे खाली होतास. मी तिच्याशी खोटं बोललो, दादा. ती मला खोटा समजून मरणार. दे ना!"

थोरलीने एकदा तियांगकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. भुंकायला तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. शेपटीचं टोक मात्र खडकावर हळूहळू आपटत होतं.

दाहूने बटवा दातांनी सोडला. एका हाताने पान उलगडता येईना, पण तियांग पुढे सरकला तर त्याने मान हलवली. स्वतःच एक कान काढला आणि तिच्या तोंडापुढे धरला. "घे बाई," तो म्हणाला. "घे. तुझा आहे."

थोरलीने तो हुंगला, चाटला, दातांत धरला. चावायचं बळ नव्हतं. तरी ती दोनदा चावली. मग तोंड त्याच्यावर ठेवून ती तशीच राहिली. दाहूने दुसरा कान तियांगच्या हातात दिला आणि तोंड फिरवलं. तियांगने सुऱ्याने त्याचे दोन भाग केले, काळूला एक, भुऱ्याला एक.

थोरलीवर दगड रचून, भावाला पाठीवर घेऊन तियांग झोपडीपाशी पोचला तेव्हा काका दारातच उभे होते. त्यांनी दाहूच्या खांद्यावरच्या पंजाच्या खुणा पाहिल्या आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण पहिला प्रश्न वेगळा होता.

"पातं दाखव."

तियांगने भाला पुढे केला. काकांनी पात्यावरून अंगठा फिरवला, वास घेतला, तियांगने उचलून आणलेला दाहूच्या मोडक्या भाल्याचा तुकडाही तसाच पाहिला. दोन्हींवर रक्ताचा थेंब नव्हता. मग त्यांनी दोन्ही कुत्री ओढ्यावर नेली आणि त्यांच्या तोंडातले अस्वलाचे केस बोटांनी काढून काढून दात धुतले. परत येताना ते डोळे पुसत होते.

"चला," ते म्हणाले. "घरी जायला हरकत नाही."

मांस तिथेच सोडलं. टोपलीत दाहूला बसवलं, टोपलीचा पट्टा आळीपाळीने कपाळावर घेतला, आणि दरडीवरून, मुळांवरून, जळवांतून ते खाली उतरले. वाटेत दाहूला ताप चढला. बडबडीत तो कोणाला तरी "घे बाई, घे" असं सारखं म्हणत होता.

सणाच्या दिवशी झाडाला कान लागले. दाहूची फांदी रिकामी होती. तो खांदा बांधून, पिवळाधमक चेहरा घेऊन, पोराला डाव्या हाताशी धरून आला. माणसं बाजूला झाली. हुसुंगला राहवलं नाही.

"काय दाहू, सांबर पडलं म्हणे! मग कान कुठेत?"

"खाल्ले."

"कोणी?"

"आमच्या घरातल्या माणसांनी," दाहू म्हणाला. "तुझा एक दे बघू. माझ्या पोराला बाण मारायचाय."

कोणी हसलं नाही. हुसुंगने आपल्या फांदीवरचा सगळ्यात मोठा कान काढून खाली, पोराच्या उंचीवर बांधला. पोराचा बाण मुळीच लागला नाही, पायाशी पडला, आणि ते मात्र आनंदाने नाचलं.

राळ्याची कापणी झाल्यावर भाऊ पुन्हा रानात गेले. दाहूचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नव्हता, पण तो आला. दोन्ही कुत्र्यांनी डुक्कर उठवलं, ते दऱ्याखोऱ्यांतून पळालं, आणि शेवटी एकट्या तियांगच्या भाल्यावर आलं. कुत्री कुठे दूर, चुकीच्या वासावर भटकली होती. तियांगने तोंडाशी हात नेले.

"हूऽऽई-या!"

रान गप्प. तियांगने पुन्हा हाळी दिली नाही. खरी हाळी दोनदा द्यावी लागत नाही, असं बाप म्हणायचा.

मग खालचा बांबू कडाकडा मोडला! काळू आला, त्याच्या मागे भुऱ्या. जिभा बाहेर, शेपट्या वर, थेट तियांगच्या हाताशी!

दाहू खाली बसला. डाव्या हाताने सुरा घेऊन त्याने डुकराचं काळीज कापलं आणि केळीच्या पानावर वाटे मांडले. एक काळूचा, एक भुऱ्याचा. तिसरा त्याने सगळ्यात आधी काढून ठेवला होता. तियांगने तो पाहिला आणि सुरा पुसायला घेतला.