आठपर्यंतचे आकडे

अतिदक्षता विभागात दर तासाला तक्ता भरावा लागतो. नाडी, ऑक्सिजन, मिनिटाला श्वास किती. तापमान तेवढं चार तासांनी. सकाळच्या पाळीला आठ खाटा आणि दोन नर्स असल्या की श्वास घ्यायला फुरसत नसते. मग पेशंट स्थिर असला तर पुढच्या तासाचे आकडे आम्ही आधीच लिहून ठेवतो. चूक आहे. सगळ्याच करतात. इनचार्ज सिस्टर टोमणा मारायच्या, "जोतिषीणबाई, आमचंही बघा जरा!"

चार नंबरला घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा होते. दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया, घशात नळी, व्हेंटिलेटरवरचा चौथा दिवस. त्या दिवशी दहालाच मी अकराचा रकाना भरला: नाडी ११२, ऑक्सिजन ८९, श्वास २२. अकराला मॉनिटरवर तेच तीन आकडे होते.

योगायोग म्हटलं. बाराचे मुद्दाम आडवेतिडवे लिहिले. नाडी १२७, ऑक्सिजन ८४, श्वास ३१.

बाराला १२७, ८४, ३१.

बोटाला लावलेला ऑक्सिजन मोजायचा चिमटा बदलला. नळीत साचलेलं पाणी काढलं. पाच नंबरच्या तक्त्यावरही करून पाहिलं. तिथे काहीच जुळलं नाही.

साडेबाराला ऑक्सिजन ७८ वर आला. मी नळीतून कफ ओढून काढला, डॉक्टरांनी मशीनवर ऑक्सिजन शंभर टक्के केला. आकडा हलेना. डॉक्टर आजोबांच्या मुलीला बाजूला घेऊन म्हणाले, "आजचा दिवस निघणं कठीण आहे."

तिने मला दारात गाठलं. "सिस्टर, दादा बोटीवर असतो. उद्या सकाळी आठच्या आत पोचतोय. तोवर टिकवा हो बाबांना. पुढचं काही मागत नाही."

मी एकच्या रकान्यात ९४ लिहिलं.

एकला ९४ झाला.

"म्हातारा चिवट आहे," डॉक्टर म्हणाले.

दोनला माझी पाळी संपली. दुपारच्या ताई शिस्तीच्या. एक आकडा आधी लिहायच्या नाहीत. त्या हात धूत होत्या तेवढ्यात मी दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंतचे सगळे रकाने भरून टाकले. ९४, ९५, ९५, ९४. तापमानाची ओळ तशीच राहिली. ती चार तासांनी असते. लक्षातच आलं नाही.

सकाळी पावणेसातला पोचले. रात्रपाळीची मैत्रीण माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझा तक्ता पाहिला. खोडायचाच होता. पण खोडायला एखादा आकडा चुकायला तर हवा ना!"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"खूश आहेत. थर्मामीटर खराब आहे म्हणाले. तीन बदलले मी."

तापमानाच्या ओळीत दोन हस्ताक्षरं होती, ताईंचं आणि तिचं. दुपारी चार, ३६ अंश सेल्सिअस. रात्री आठ, ३१. बारा, २७. पहाटे चार, २४.

साडेसातला मुलगा आला. खांद्यावरची बॅगही न उतरवता त्याने वडिलांचा हात हातात घेतला. छाती संथपणे वरखाली होत होती. मॉनिटरवर ९५.

"आकडे बघ ना, दादा," मुलगी म्हणाली. "कालपासून किती सुधारलेत!"

त्याने आकड्यांकडे पाहिलं नाही. तो वडिलांचा हात दोन्ही तळव्यांत धरून चोळत होता.

"एवढे गार कसे गं?"

"एसी असतो ना इथे," ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "सिस्टर, जरा कमी करता?"

आठला पाच कमी होते. मी भिंतीपाशी गेले, एसीचा आकडा पाहिला.

चोवीस.